अकरा घोडे आणि एक कानस

वर्षातून दोन-तीनदा तरी एक छायाचित्र वर्तमानपत्रात हमखास छापून येते. जप्त केलेले मोटारसायकलींचे सायलेन्सर भर चौकात ओळीने मांडलेले असतात, त्यांच्यावरून रोड रोलर जात असतो आणि बाजूला उभे असलेले अधिकारी समाधानाने पाहत असतात. सकाळच्या चहाबरोबर ते छायाचित्र पाहताना घराघरांतून एकच उद्गार निघतो, "बरे झाले! कानांना जरा विश्रांती." माझ्याही घरातून तो निघतो. रात्री अकरा वाजता गल्लीतून फटफटत जाणाऱ्या गाडीने ज्याच्या घरातले आजारी माणूस दचकून उठले आहे, त्याला या रोलरचा राग येण्याचे काही कारण नाही. मलाही येत नाही.

पण रोलर फिरून गेल्यानंतर त्या मुलांचे काय होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. वेगाचे वेड काही पत्र्याबरोबर चपटे होत नाही. ते दुसरा सायलेन्सर बसवते आणि दुसऱ्या रस्त्याने फिरू लागते. या वेडाला शिक्षा देण्याची सोय आपल्याकडे आहे, शिकवण्याची नाही. ती सोय व्हायला हवी आणि ती फार थोड्या पैशात होऊ शकते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

मी आयुष्यभर कोल्हापुरात शाळेत गणित शिकवले. मोटारसायकलशी माझा संबंध किक मारून मंडईत जाण्यापुरता. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे कोणी विचारील. तो माझ्या भाच्याने दिला. तीन वर्षांपूर्वी माझी बहीण डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "दादा, तू तरी त्याला समजाव. रात्री बायपासला गाड्या पळवायला जातो म्हणे." त्या आधीच्याच वर्षी माझा एक माजी विद्यार्थी अशाच एका रात्री गेला होता. एकुलता एक मुलगा. त्याच्या वडिलांसमोर बसून काय बोलावे, हे मला अजूनही सुचलेले नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. आकडा एवढा मोठा असला की त्यात चेहरा दिसत नाही. बहिणीला मात्र एकच चेहरा दिसत होता.

भाच्याला मी उपदेश केला नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षे उपदेश करून त्याची किंमत मला कळली आहे. मी त्याच्याशी सौदा केला. रस्त्यावर शर्यत कायमची बंद; त्याऐवजी मातीच्या ट्रॅकवर, हेल्मेट-चिलखत घालून, नियमात बसणाऱ्या स्पर्धेत उतरायचे. गाडी जुनी, नोंदणी रद्द झालेली, कधीही रस्त्यावर न येणारी. इंजिनाच्या कामाला खर्च वीस हजार रुपये, त्यावर एक पैसा नाही. आणि काम स्वतःच्या हातांनी करायचे. त्याने चटकन 'हो' म्हटले. या शेवटच्या अटीत काय दडले आहे, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते, मलाही नव्हते.

गाडी मिळाली ती अर्थातच यामाहा आरएक्स १००. पन्नाशीच्या आसपासच्या वाचकांना या गाडीची ओळख करून द्यायला नको. १९८५ साली एस्कॉर्ट्स कंपनीने ती आपल्याकडे आणली आणि १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ९८ सीसीचे इंजिन, पन्नास मिलिमीटरचा बोअर आणि पन्नास मिलिमीटरचाच स्ट्रोक, अकरा अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. पण त्या काळच्या शंभर सीसीच्या इतर गाड्यांना सिग्नलवर मागे टाकून ही कशी निघून जाई, हे ज्यांनी पाहिले आहे ते आजही तिचे नाव हळव्या आवाजात घेतात.

हे इंजिन टू-स्ट्रोक. म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटते. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला पेटते. त्याला हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, कॅम नसतो. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि वर-खाली होणारा पिस्टनच त्या खिडक्यांची दारे उघडतो आणि लावतो. इतके साधे यंत्र आहे, म्हणूनच ते गरिबाच्या आवाक्यातले आहे. आणि साधे असले तरी भोळे मात्र नाही.

उद्यमनगरात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. शाळेत गणितात तो कसाबसा पास व्हायचा. आता त्याच्या हाताखाली चार पोरे आहेत. त्याने इंजिन उघडले, आत पाहिले आणि म्हणाला, "सर, हाफ इंजिनात भागणार नाही. फुल इंजिन काढावं लागंल." म्हणजे नुसता ब्लॉक आणि पिस्टन नव्हे, तर खाली क्रँकपर्यंत सगळे. दोन महिने मी रोज संध्याकाळी तिथे स्टुलावर बसत होतो. तिथे जे पाहिले, ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी कधी पाहिले नव्हते.

क्रँक प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड घातला. पुन्हा जोडल्यावर तो सरळ फिरतो की डुगडुगतो, हे डायल लावून मिलिमीटरच्या शंभराव्या भागात पाहायचे. शंभरावा भाग! वर्गात दशांश अपूर्णांक शिकवताना "सर, याचा उपयोग काय?" असे विचारणारी सगळी तोंडे मला आठवली. मग ऑइल सील. टू-स्ट्रोकचे क्रँककेस हवाबंद असावे लागते. सील म्हातारे झाले की ते बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि भर वेगात पिस्टन जाम होतो. हवा गळते का, हे पाहायला मिस्त्रीने काय वापरले असेल? डॉक्टरांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र! इंजिनाची सगळी तोंडे बंद करून रबरी फुग्याने दाब दोनशे पन्नासवर नेला आणि घड्याळ लावून बसला. काटा हळूहळू उतरू लागला. साबणाचे पाणी लावून बुडबुडा शोधला. नवीन पॅकिंग, पुन्हा फुगा. तिसऱ्या खेपेला काटा जागेवर राहिला तेव्हा भाच्याने अशी उडी मारली की जणू शर्यतच जिंकली.

नंतर बोअरिंग. सिलिंडर पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठा करायचा आणि त्याला नेमका बसेल असा ओव्हरसाईज पिस्टन घालायचा. लेथवाल्याने काम चोख केले होते. तरी मिस्त्री म्हणाला, "आता खिडक्यांच्या कडा मोडा." बोअरिंगने त्या कडा पात्यासारख्या धारदार होतात, रिंग त्यांच्यात अडकली की तुटते आणि सगळे इंजिन खाऊन टाकते. बारीक कानस आणि पॉलिशपेपर घेऊन भाचा एक आख्खी संध्याकाळ त्या कडा गोलसर करत बसला होता. एरवी सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत धड न बसणारा हा मुलगा!

खरी परीक्षा पुढे होती, ती ट्यूनिंगची. क्रँकवर ३६० अंशांची चकती लावायची, तारेचा काटा करायचा आणि कोणती खिडकी किती अंशांवर उघडते ते लिहून काढायचे. या इंजिनात एक्झॉस्टच्या खिडकीची वरची कड एक मिलिमीटर वर नेली, तर ती उघडी राहण्याचा काळ एका फेरीत साडेचार अंशांच्या आसपास वाढतो. वरच्या वेगाला ताकद मिळते, खालची जाते. कानशीने काढलेला धातू परत चिकटवता येत नाही. म्हणून आधी मोजायचे, मग लिहायचे, मग दुसऱ्याकडून मोजून घ्यायचे आणि मग हात लावायचा. पाव मिलिमीटर घासले की पुन्हा चकती. हेडखाली किती जागा उरते, हे पाहायला प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार आत घालून इंजिन हाताने फिरवायचे आणि चेपलेली तार मोजायची. एक मिलिमीटरच्या आसपास आली की ठीक.

मग आला पाईप. शर्यतीच्या टू-स्ट्रोकचा पाईप मधे फुगलेला असतो. ती शोभा नाही, ते गणित आहे. खिडकी उघडताच दाबाची एक लाट पाईपमधून धावत जाते, पलीकडच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि बाहेर सांडू पाहणारे ताजे पेट्रोल खिडकी लागण्याआधी पुन्हा आत ढकलते. ती नेमकी वेळेवर परतली पाहिजे. मिनिटाला ९,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५०. खिडकी ढोबळमानाने अर्धी फेरी उघडी, म्हणजे एका सेकंदाचा तीनशेवा भाग. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला पाचशे मीटरच्या थोडी वर धावते. तेवढ्या वेळात ती सुमारे १ मीटर ७० सेंटिमीटर जाईल. जाणे-येणे मिळून एवढे, म्हणजे पाईपची लांबी साधारण ८५ सेंटिमीटर. हा हिशोब भाच्याने माझ्यासमोर, गॅरेजच्या भिंतीवर खडूने केला. फुगलेल्या भागाचे पत्रे कापायला शंकुछेद उलगडावा लागतो; दहावीच्या पुस्तकातला महत्त्वमापनाचा धडा. आधी पुठ्ठ्यावर आखला, कापला, गुंडाळून पाहिला. गणिताच्या मास्तराला निवृत्तीनंतर याहून मोठे बक्षीस कोणते मिळणार?

सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटरचा जेट. गाडी पूर्ण वेगात पळवायची, तिथेच इंजिन बंद करून क्लच दाबायचा आणि प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, दालचिनीसारखा असेल तर बरोबर, पांढरा असेल तर धोका. पांढऱ्या प्लगची गाडी थोडा वेळ फार सुरेख पळते आणि मग पिस्टनला भोक पाडते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेले असते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. "सर, जी गाडी लई गोड पळती तिच्यावर लक्ष ठेवायचं," मिस्त्री म्हणाला. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

हे सगळे वीस हजारांत बसवायचे होते. परदेशी कार्ब्युरेटर नको, तयार पाईप नको, बाहेरून मागवलेले पिस्टन नकोत. पैसा नसला की डोके चालवावे लागते, आणि या बाबतीत आमचा भाचा फार थोर परंपरेत बसतो. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा एक इंजिनिअर होता. कारखाना गरीब, साहित्याची टंचाई. त्याने या पाईपमधल्या लाटांचा नाद घेतला आणि १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या टू-स्ट्रोकमधून सुमारे २५ अश्वशक्ती काढली. लिटरमागे दोनशे! श्रीमंत कारखान्यांना तोपर्यंत हे जमले नव्हते. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळून गेला आणि ती विद्या सुझुकीला मिळाली. १९६२ साली पन्नास सीसीचे जगज्जेतेपद सुझुकीवर बसलेल्या डेग्नरने पटकावले. गंमत अशी की याच त्शोपाऊ गावात युद्धाआधी डीकेडब्ल्यू कंपनीने जी आरटी १२५ ही साधी मोटारसायकल बनवली, तिच्याच धर्तीवर इंग्लंडची बीएसए बँटम निघाली आणि १९५५ मध्ये यामाहाची पहिली मोटारसायकलही. इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी पुढे त्याच बँटमच्या स्वस्त शर्यतींचा क्लब काढला. म्हणजे आमच्या उद्यमनगरातल्या आरएक्सचे मूळ गाव आणि लाटांच्या त्या विद्येचे गाव एकच.

आता पुन्हा त्या छायाचित्राकडे येऊ. रोलरखाली गेलेले बहुतेक सायलेन्सर आतली जाळी काढून टाकलेले असतात. मुलांना वाटते, आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली. ज्याने एकदा ८५ सेंटिमीटरचा हिशोब केला आहे, त्याला कळते की टू-स्ट्रोकचा सायलेन्सर असा पोकळ केला की बहुधा पिकअपच जातो. तो ठणाणा म्हणजे ज्ञानाचा अभाव. आणि अज्ञानावर रोलर हा उपाय होऊ शकत नाही.

आक्षेप आहेत, आणि ते रास्त आहेत. पहिला प्रदूषणाचा. टू-स्ट्रोकमधून पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशा या गाड्या रस्त्यावरून गेल्या, ते योग्यच झाले. त्या परत याव्यात असे मी म्हणत नाही. पण वर्षातून चार रविवारी, वस्तीपासून दूर, मैदानात पाच-पाच फेऱ्या मारणाऱ्या वीस गाड्या, आणि रोज शहरभर फिरणाऱ्या हजारो गाड्या यांत फरक करता आला पाहिजे. दुसरा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणी असलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली आहे. म्हणूनच माझा आग्रह आहे की असे इंजिन रस्त्यावर दिसताच कामा नये. तिसरा आक्षेप माझ्या बहिणीचा, आणि तो सगळ्यात जड: "मैदानात पडला तर?" पडतो. भाचा दोनदा पडला, एकदा मनगट दुखावले. पण तिथे समोरून ट्रक येत नाही, पाठीवर बसवलेला मित्र नसतो, रस्ता ओलांडणारी कोणाची आजी नसते, आणि अँब्युलन्स आधीच येऊन उभी असते.

आपल्या देशात मोटारींच्या शर्यतींचे मोठे ट्रॅक आहेत ते चेन्नईजवळ, कोइम्बतूरला, ग्रेटर नोएडाला. कोल्हापूरच्या मुलाने चेन्नई गाठायची तर हजारेक किलोमीटरचा प्रवास आणि त्याहून मोठा खर्च. पुणे, नाशिक, कोल्हापूर या गावांत मातीच्या ट्रॅकवरच्या स्पर्धा होत आल्या आहेत, पण त्या एक दिवसाच्या जत्रेसारख्या. जत्रा पांगली की मुले पुन्हा बायपासवर. ज्या राज्यात चाकणसारख्या ठिकाणी लाखोंनी मोटारसायकली तयार होतात, त्या राज्यातल्या मुलाला ती सुरक्षित पळवून पाहायला मैदान नसावे, याला काय म्हणावे?

ट्रॅक म्हणजे कोट्यवधींचे काम, असे लगेच सांगितले जाईल. चेन्नईच्या शोलावरमला कित्येक वर्षे शर्यती झाल्या त्या दुसऱ्या महायुद्धातल्या पडीक धावपट्टीवर. इंग्लंडचे प्रसिद्ध सिल्व्हरस्टोनही मुळात युद्धकाळातला विमानतळच. आपल्याला तर मातीचाच ट्रॅक पुरेल: औद्योगिक वसाहतीच्या कडेची जागा, बाहेरून मातीचे बांध, जुन्या टायरच्या भिंती, पाण्याचा टँकर, डॉक्टर आणि विमा. देशातल्या मोटर-क्रीडेचे नियमन करणारी संघटना आहे, तिच्या नियमांत हे सगळे बसवता येईल. तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांनी इंजिन जोडण्याचे वर्ग घ्यावेत, त्याला गुण असावेत, आणि उद्यमनगरच्या मिस्त्रींना तिथे मानाने गुरुजी म्हणून बोलवावे.

नियम मात्र कडक हवेत, आणि पहिला नियम खर्चाचा. नाही तर बापाच्या पैशाची शर्यत सुरू होईल. अमेरिकेतल्या काही मातीच्या ट्रॅकवर एक छान युक्ती आहे: शर्यतीनंतर कोणीही ठरलेल्या किमतीला जिंकणाऱ्याचे इंजिन मागू शकतो आणि त्याला ते द्यावे लागते. मग वीस हजारांच्या इंजिनात दोन लाख कोण ओतील? दुसरा नियम आवाजाचा: मापकावर मर्यादा ओलांडली की बाद. तिसरा, माझा स्वतःचा: प्रत्येक स्पर्धकाने आपल्या इंजिनाची वही दाखवावी, कोणती खिडकी किती अंशांवर, जेट कितीचा, प्लगचा रंग कसा. वही नाही तर शर्यत नाही. आणि रस्त्यावर शर्यत लावताना पकडला गेला, तर वर्षभर ट्रॅक बंद. पोलिसांच्या दंडापेक्षा ही शिक्षा मुलांना अधिक लागेल, हे मी अनुभवाने सांगतो.

भाचा त्याच्या पहिल्या स्पर्धेत सातवा आला. पहिल्या दोघांच्या गाड्या नव्या होत्या. त्याचे कौतुक मला वेगळ्याच गोष्टीचे वाटते. हल्ली तो बहिणीची स्कूटर सर्व्हिसिंगला देण्याआधी स्वतः तपासतो, टायरची हवा पाहतो, ब्रेकची तार पाहतो. यंत्राच्या आत काय चालले आहे हे ज्याला दिसते, तो यंत्राशी बेफिकिरीने वागू शकत नाही. सेकंदाला दीडशे वेळा वर-खाली होणारा पिस्टन आणि त्याची भिंत यांच्यात किती थोडे अंतर असते, हे ज्याने स्वतः मोजले आहे, त्याला आपण आणि अपघात यांच्यातले अंतरही मोजता येऊ लागते.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलगा गाडीच्या मागे लागला असेल, तर त्याला नवी गाडी घेऊन देऊ नका आणि नुसते ओरडूही नका. त्याला एक जुने, बंद पडलेले इंजिन आणून द्या, आणि चांगला मिस्त्री गाठून द्या. आणि आपल्या नगरसेवकाला, आमदाराला विचारा, की आमच्या गावात क्रिकेटला मैदान आहे, कुस्तीला तालीम आहे. मग या मुलांना एक मातीचा ट्रॅक कधी मिळणार? रोलर तर तुमच्याकडे आहेच. तो सायलेन्सरवर फिरतो, तसा एखाद्या दिवशी ट्रॅकची माती बसवायलाही फिरवता येईल.